पोकळीचे मोल

माझ्या टेबलावर बोटभर उंचीची एक काचेची बाटली आहे. तिच्या तळाशी ग्रॅमभर पांढरी भुकटी आहे. घरातल्या मुलांना ती कॅरमची पावडर वाटते. बाटलीवर निळ्या शाईने लिहिलेली तारीख आता पुसट झाली आहे. ती मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने दिली होती, आणि देताना ती जे म्हणाली ते मी पुढे कित्येकांना रंगवून सांगत आलो. "सर, या एका ग्रॅममध्ये तीस गुंठे रान आहे."

यात अतिशयोक्ती नव्हती. मी एकतीस वर्षे बेळगावात रसायनशास्त्र शिकवले, पण तिने सांगेपर्यंत मला या पदार्थांची नीटशी ओळख नव्हती. आमच्या अभ्यासक्रमात ते नव्हतेच. इंग्रजीत त्यांना मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क म्हणतात; आपण धातू-सेंद्रिय सांगाडे म्हणू. ते कसे असतात हे समजायला आकाशकंदिलाइतके सोपे साधन नाही. कामट्या घ्यायच्या, टोकाशी टोक जुळवून दोऱ्याने बांधायच्या, आणि आत दिव्यापुरती जागा मोकळी सोडायची. या सांगाड्यांत दोऱ्याच्या गाठीच्या जागी धातूचे अणू असतात आणि कामट्यांच्या जागी कार्बनी रेणू. फरक इतकाच, की इथे एका कंदिलाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे अब्जावधी कंदील वर-खाली, मागे-पुढे एकमेकांना जोडलेले असतात, आणि एकेका कंदिलाची रुंदी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास असते. माझ्या बाटलीतला पदार्थ एमओएफ-५. त्याच्या गाठी जस्ताच्या आणि कामट्या ज्या आम्लापासून टेरिलीनचे कापड होते त्याच्या. ओमर याघी यांनी तो १९९९ मध्ये जगापुढे मांडला. तीनशे अंशांपर्यंत तापवला, आतले सगळे काढून घेतले, तरी तो कोसळत नाही. त्याचे अर्ध्याहून अधिक आकारमान रिकामे असते, आणि त्या रिकामपणाच्या भिंती उलगडून पसरल्या तर ग्रॅमला तीन हजार चौरस मीटरच्या घरात जातात. म्हणजे आपले तीस गुंठे.

"झाकण मात्र उघडू नका हं सर," तिने बजावले होते.

आमच्याकडचा पाऊस वाचकांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते आणि काड्यापेटी चुलीजवळ ठेवावी लागते. अशा एका दुपारी झाकण उघडले गेले. कोणी उघडले हे मी घरात विचारले नाही, कारण दुसऱ्या दिवशी मीही ते उघडून वास घेऊन पाहिला होता. पुढच्या खेपेस ती आली तेव्हा तिची नजर आधी झाकणावर गेली.

"उघडली होती?"

"जराशी. पण बघ, आहे तशीच आहे."

तिने बाटली उजेडात धरून फिरवली. "दिसायला तशीच दिसते सर. आतलं रान गेलं." पाण्याची वाफ जस्ताच्या गाठी सोडवते, कामट्या निसटतात आणि कंदील बसतात. पांढरी भुकटी पांढरीच राहते. वजनही फारसे बदलत नाही. जे गेले ते दिसणारे नव्हतेच, त्यामुळे गेलेलेही दिसत नाही.

मी ज्या प्रश्नाबद्दल लिहिणार आहे तो तिथेच सुरू झाला, पण तेव्हा तो मला ओळखता आला नाही.

तिची पहिली पाच-सहा वर्षे असे नवनवे सांगाडे जुळवण्यात गेली. प्रत्येक नवा सांगाडा आधीच्यापेक्षा रेखीव, अधिक मोकळा. स्फटिकाची चित्रे ती मला पाठवी आणि मी ती माझ्या म्हाताऱ्या मित्रांना दाखवी. मग एके दिवशी फोनवर तिने उत्साहाने सांगितले, की ती आता दुसऱ्या गटात जाते आहे. तिथे नवे सांगाडे करायचे नाहीत. असलेले ओलाव्यात, धुरात, उष्णतेत टिकतील असे बदलायचे, त्यांच्या भिंतींना उपयोगी रेणू जोडायचे, आणि शेवटी भुकटीच्या गोळ्या करायच्या, म्हणजे कारखान्याच्या नळकांड्यात त्या भरता येतील.

मी म्हणालो, "म्हणजे आता तू गोळ्या वळणार? एवढं शिकून?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग "ठेवते सर" एवढेच ऐकू आले. त्यानंतर दोन गुरुपौर्णिमा तिचा फोन आला नाही.

ते वाक्य माझ्या तोंडून का गेले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते माझ्या एकट्याचे नव्हते. आमच्या पिढीच्या शिक्षणात एक सोवळे होते. सिद्धांत वर, प्रयोग खाली, आणि उपयोग तर ओसरीवर. आमच्या प्रयोगशाळेतला सहायक काचेची नळी वाकवून पाहिजे ते उपकरण करून देई. त्याला आम्ही कधी आमच्या चहाला बोलावले नाही. ज्ञान ज्ञानासाठी हे वाक्य आम्ही इतक्या वेळा उच्चारले, की त्यात हातांचा तिरस्कार किती मिसळला आहे हे कळेनासे झाले.

या विषयाचा उगम मात्र माझ्या सोवळ्याला चांगलाच छेद देतो. १९७४ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रेणूंच्या लाकडी प्रतिकृती करत होते. गोळ्यांना कुठे भोके पाडायची हे त्यांनी आखून विद्यापीठाच्या सुतारशाळेला दिले. गोळे परत आले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की भोके योग्य जागी असली तर काड्या खोचताच रेणूचा आकार आपोआप बरोबर येतो. सगळी आकृती त्या भोकांच्या जागांत लिहिलेली आहे. मग खऱ्या अणूंनाच गोळ्यांसारखे वापरले तर? हा विचार त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ मनात बाळगला आणि १९८९ मध्ये तांब्याचे अणू व चार बाहूंचा एक रेणू घेऊन हिऱ्यासारखी जाळी उभी करून दाखवली, आत मोठमोठ्या पोकळ्या असलेली. माझ्या दृष्टीने या शास्त्रातला सर्वांत शुद्ध विचार सुतारकामातून आला. गोळ्या वळण्याला हसणाऱ्या माणसाने हे आधी वाचायला हवे होते.

दुसरे नाव क्योतोच्या सुसुमु कितागावा यांचे. निरुपयोगी वाटणाऱ्या गोष्टीचा उपयोग, हे त्यांचे सूत्र. विद्यार्थिदशेत पदार्थविज्ञ युकावा यांच्या पुस्तकातून ते प्राचीन चिनी तत्त्वज्ञ च्वांग त्झू यांच्या या विचारापाशी आले. १९९७ मध्ये त्यांनी असा सांगाडा दाखवला, की वाळवला तरी उभा राहतो आणि वायू आत घेऊन परत सोडतो. तरी अनुदान देणाऱ्यांनी त्यांना सुरुवातीला नकारच दिला. म्हणणे असे, की सच्छिद्र पदार्थ तर आपल्याकडे आहेतच, झिओलाइट आहेत. मग हे नाजूक प्रकरण कशाला?

झिओलाइट आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात विपुल सापडतात. पुण्याजवळच्या खाणीतून आणलेला स्टिल्बाइटचा मोरपिसाऱ्यासारखा फुललेला एक तुकडा माझ्याकडेही आहे. त्याच्या आतही रेणूंपुरत्या वाटा आहेत. पण लाव्हारसाच्या बुडबुड्यांत निसर्गाने सावकाश घडवलेले ते घर दगडी आहे. भिंत हलवायची सोय नाही. कितागावांचे उत्तर हे होते, की त्यांचा सांगाडा मऊ आहे, तो पाहुण्याप्रमाणे आकार घेतो, आणि त्याची प्रत्येक कामटी आपल्याला निवडता येते. म्हणजे ज्या नाजूकपणासाठी त्यांना नाकारले गेले, तोच त्यांचा विशेष.

माझ्यासारख्याने यातून सोयीचा अर्थ काढला. निरुपयोगीच थोर, एवढाच. पण निरुपयोगी राहा असे तो चिनी ज्ञानीही म्हणत नाही आणि कितागावाही म्हणत नाहीत. उपयोग आज दिसत नाही म्हणून हात आखडू नका, असे ते म्हणतात. दोन्हींत अंतर आहे.

इथे मला आपल्याकडचा एक जुना दृष्टांत छळू लागतो. वेदान्तात घटाकाश सांगतात. घड्यातले आकाश आणि बाहेरचे आकाश एकच. घडा फुटला तर आकाशाला काही होत नाही, ते होते तिथेच राहते. घडा ही केवळ उपाधी. लहानपणी कीर्तनात ऐकलेला हा दृष्टांत मी आयुष्यभर मनाशी खरा मानला, आणि मृत्यूच्या प्रसंगी लोकांना सांगितलाही. या बाटलीने मात्र मला अडवले. यातली पोकळी घडा फुटल्यावर उरली नाही. आकाश उरले असेल, पण वायूचा रेणू येऊन टेकेल अशी भिंत उरली नाही, आणि भिंतीवाचून ते आकाश कोणाच्याच कामाचे नव्हते. अद्वैताला याने बाध येतो असे मी म्हणत नाही. तिथला प्रश्न वेगळा आहे. पण आपण रोजच्या जगण्यात त्या दृष्टांताचा आधार घेऊन उपाधीला तुच्छ लेखतो, घडा जपणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवतो, ते मला आता पटत नाही.

घडा जपायचा म्हणजे काय करायचे? तिच्या नव्या कामाबद्दल मी नंतर वाचत गेलो, थोडे लाजेने, थोडे कुतूहलाने.

एक वाट अशी, की सांगाडा बांधून झाल्यावर त्याच्या भिंतीवर रसायन करायचे. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोच्या संशोधकांनी हे दाखवले. एमओएफ-५ च्याच घराण्यातला एक सांगाडा त्यांनी घेतला, ज्याच्या कामट्यांना अमिनो गट लोंबत असतात. त्यावर ॲसेटिक अनहायड्राइड सोडले. गट बदलले, सांगाडा तसाच राहिला. हे वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. ॲनिलिनवर ॲसेटिक अनहायड्राइड घालून ॲसिटॅनिलाइड करणे हे आमच्या बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलातले ठरलेले काम. दर वर्षी तो नाकात झिणझिणणारा वास, त्या पांढऱ्या पापुद्र्यांचे गाळणे, आणि 'यात काय विशेष' असे चेहरे. तीच क्रिया त्यांनी स्फटिकाच्या आतल्या खोल्यांत शिरून केली होती. माझ्या सोवळ्यात ज्याला जागा नव्हती ते मी स्वतःच एकतीस वर्षे शिकवत होतो.

पुढे २०१२ मध्ये बर्कलेच्या गटाने मॅग्नेशियमच्या एका सांगाड्यात अशी अमाइने टांगली, की साध्या हवेतला विरळ कार्बन डायऑक्साइडही ती पकडू लागली. याघींच्या गटाने वाळवंटात रात्री हवेतली वाफ टिपणारे आणि दिवसाच्या उन्हाने पाणी सोडणारे सांगाडे वापरून दाखवले. हे याघी अम्मानमध्ये निर्वासित पॅलेस्टिनी कुटुंबात, वीज आणि नळ नसलेल्या एका खोलीत वाढले. पाण्याची वाट पाहत ज्यांचे बालपण गेले त्यांना हवेतून पाणी काढावेसे वाटले, यात नवल नाही. आणि तशी वाट आपल्यातल्याही पुष्कळांनी पाहिली आहे.

पण या साऱ्या बदलांचा एक हिशेब आहे, आणि माझ्या मते नैतिक प्रश्न त्या हिशेबात आहे. भिंतीला जोडलेला प्रत्येक गट आतली जागा खातो. खोलीत जितकी खुंटाळी, कपाटे आणि फळ्या लावाल तितके फिरायला कमी राहते. गोळ्या वळताना भुकटी एकत्र धरायला चिकटद्रव्य लागते, ते छिद्रांची तोंडे बुजवते. दाब जास्त दिला तर स्फटिकच चेपतो. तीस गुंठ्यांतले काही गुंठे प्रत्येक वेळी सोडावे लागतात. उपयोगाची किंमत पोकळीतून चुकवली जाते. काहीच द्यायचे नाही म्हटले तर माझ्या बाटलीसारखे होते, एका ओल्या दुपारी सगळेच जाते. आणि सगळेच देऊन टाकले तर हाती ठोकळा उरतो. मग किती द्यायचे, आणि कशासाठी, हे कोणी ठरवायचे?

याचे एक उत्तर कॅनडातल्या कॅल्गरीत तयार झालेल्या काल्फ-२० या सांगाड्याने दिले आहे. जस्त आणि दोन साधे, लहान रेणू. त्याच्या पोकळ्या अरुंद आहेत. मोकळेपणाच्या स्पर्धेत त्याचा नंबर लागणार नाही. पण वाफेत तो मोडत नाही, आणि हवेत बराच ओलावा असला तरी पाण्याला बाजूला ठेवून कार्बन डायऑक्साइडला आधी जागा देतो. २०२१ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध झाली तेव्हा तिकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या धुरातून दिवसाला सुमारे एक टन वायू पकडून तो तपासला गेला होता. सिमेंट कारखान्याच्या मानाने टनभर म्हणजे काहीच नाही, हे खरे. पण चित्रात देखणा दिसणारा सांगाडा धुरापर्यंत पोहोचलाच नसता.

दुसरे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. ऑस्लोमध्ये २००८ साली झिर्कोनियमचा यूआयओ-६६ नावाचा सांगाडा तयार झाला. त्याच्या प्रत्येक गाठीला बारा कामट्या येऊन मिळतात, म्हणून तो इतका मजबूत. नंतर लक्षात आले, की प्रत्यक्षात बाराच्या बारा सगळीकडे नसतात. काही कामट्या मुळातच गळालेल्या असतात. आणि जिथे त्या गळालेल्या असतात तिथे पोकळी वाढते, धातू उघडा पडतो, काही कामे तो जास्त चांगली करतो. आता संशोधक बांधतानाच आम्ल घालून मुद्दाम उणिवा ठेवतात. त्या एका मर्यादेपर्यंत. फार कामट्या काढल्या तर इमारत टिकत नाही.

आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसाला हे वाचताना दुसरेच काही आठवते. तरुणपणी मी विद्यार्थ्यांच्या मराठीतले कानडी वळण लाल शाईने खोडत असे. १९५६ नंतरच्या त्या दिवसांत वाढलेल्या आम्हाला भाषा निर्मळ ठेवणे हे कर्तव्य वाटे, आणि ते वाटणे खोटे नव्हते. सांगाडाच ढासळेल ही भीती खरी होती. पण अक्का आणि अण्णा, तूप आणि अडकित्ता कानडीकडून येऊन मराठीच्या भिंतीवर कधीचे बसले आहेत. त्यांनी काही मोडले नाही. उलट त्यांच्यामुळे ही भाषा इथल्या दमट हवेत तगली असेल. मात्र बारातल्या किती कामट्या गेल्यावर ती भाषा आपली राहणार नाही, हे मला कोणी विचारले तर मी गप्प बसेन. झिर्कोनियमच्या गाठी मोजता येतात, भाषेच्या आणि माणसाच्या येत नाहीत. म्हणून ही उपमा मी इथेच सोडतो, ती फार ताणली तर खोटे बोलायला लावील.

तिच्या बाबतीत मात्र मला एवढे म्हणता येते, की किती द्यायचे हे तिचे तिने ठरवले होते. पाच-सहा वर्षांच्या रेखीव कामातले तिने काही सोडले आणि बदल्यात धुरात टिकेल असे काहीतरी मागितले. मी तिला विचारायला हवे होते, की किती सोडलेस, कशासाठी, जाच होतो का. मी फक्त हसलो. माझे स्वतःचे सोवळे झाकण न उघडता टेबलावर ठेवलेल्या बाटलीसारखे होते. त्याला कशाची बाधा झाली नाही कारण त्याच्याकडून कोणी काही घेतलेच नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात रॉबसन, कितागावा आणि याघी यांना रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. रॉबसन तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. बातमी ऐकून मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. अभिनंदनाचे निमित्त चांगले होते, पण अभिनंदन त्या तिघांचे होते, आणि मला बोलायचे होते ते वेगळेच. शेवटी लावला.

"बोला सर." मागे कुठलेतरी यंत्र घरघरत होते.

"बातमी ऐकलीस ना?"

"सकाळपासून तेच चाललंय इथे. पेढे आणलेत कोणीतरी."

मी म्हणालो, "अगं, मी तेव्हा ते गोळ्यांचं बोललो..."

"सर, एक मिनिट हं." यंत्र थांबले. कोणाला तरी तिने दाब किती ठेवायचा ते सांगितले. मग परत आली. "गोळ्याच चालल्या होत्या. दाब वाढला की आतलं जातं, कमी पडला की हाताला भुकटी लागते. गेले चार महिने त्यातच आहोत." ती हसली. "आणि ती बाटली? आहे का अजून?"

"आहे. तशीच आहे."

"तशी कशी असेल सर?"

"नाही, म्हणजे दिसायला."

"पाठवून द्या ना. इतकी वर्षं तुमच्या पावसात राहिलेला नमुना माझ्याकडे नाही. आत काय उरलंय ते बघते."

मी कपाटातून जुना औषधाचा खोका काढला आणि बाटली कापसात गुंडाळली. तारीख पुसट झाली होती म्हणून ती पुन्हा वरून गिरवली, आणि तिच्याखाली झाकण कोणत्या पावसाळ्यात उघडले ते लिहिले. कोणी उघडले, तेही लिहिले.